पहिला चीक

“तुमच्या आईनं तुम्हाला चीक पाजला, का ‘प्रथम स्तन्य’? खोडा तो शब्द!” आशा सेविका शेवंता आरोग्य केंद्रात नवा फॉर्म घेऊन आलेल्या सरांवर खेकसली.

सर लाल झाले. “गरोदर बायांचा हा फॉर्म इंग्रजीतून शब्दाला शब्द उतरवलाय. छपाईलाही गेला.”

शेवंता हटली नाही. तपासणीच्या रांगेतून तिनं सातव्या महिन्यातली कौसा पुढं ओढली. “बाळाला प्रथम स्तन्य देशील का गं?”

“देईन की!”

सरांनी ऐटीत ‘हो’वर खूण केली.

“मेडिकलात मिळतं ना ते?” कौसा म्हणाली.

“आणि तुझा पहिला चीक?” शेवंतानं विचारलं.

“तो पिवळा? पिळून टाकायचा. सासूबाई म्हणत्यात, बाळाला बाधतो.”

सरांनी ‘प्रथम स्तन्य’ खोडून ‘पहिला चीक’ लिहिलं, घाईनं चपला सरकवल्या. “छपाई थांबवायची तर मला आत्ताच निघायला हवं!”