साठ पायऱ्या

सेहेचाळीस सालच्या चैत्रात तिसगावच्या छगननं बायकोला, राहीबाईला, बैलगाडीत घालून ऊन पाण्याच्या कुंडावर आणलं. धरलेले गुडघे एकवीस दिवस त्या पाण्यात शेकायचे, असं वैदूनं सांगितलं होतं. पंधराव्या दिवशीच दुखणं पळालं, पण राहीबाई काही बोलली नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सासरच्या अकरा माणसांचं रांधणं सोडून ती कधी अशी निवांत बसली नव्हती, की नवऱ्याशी दिवसाउजेडी इतकं बोललीही नव्हती. अठराव्या दिवशी सकाळी छगननं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न्हाई वो, अजून वाकत न्हाई."

छगन सरपणाला गेला, तशी ती टेकडीवरच्या हेमाडपंती देवळाकडं निघाली. तिथले दगडात कोरलेले हत्ती तिला कधीचे बघायचे होते. साठ पायऱ्या ती झपाझप चढून गेली. वर पोचली, तर हत्तीच्या सोंडेला टेकून छगनच बसलेला!

राहीबाई शेवटच्या पायरीवरच थबकली. आता उद्याच गाडी जुंपणार.

"गुडघा लई झ्याक चालतोय," छगन म्हणाला.

तिनं मान खाली घातली. "चुकलं माजं. खोटं बोलले. उद्या निघू घरला."

"आता कसं निघायचं?" छगन सरकून तिला बसायला जागा करत म्हणाला. "परवाच घरी दादाला कार्ड टाकलंय. राहीचा गुडघा बरा न्हाई, अजून महिना लागंल म्हनून."