माळवद

लातुरात क्लासच्या पोरांना डबे देऊन सिंधुबाईंनी लेकीला शिकवलं. सुकन्या आता डॉक्टर होणार होती, पण व्हिडिओ गेमवर पीएच.डी. करून. वयस्क माणसं घर बांधायचा गेम कशी खेळतात, हा तिचा विषय. नांदेडहून सुट्टीला आली तशी तिनं आईपुढंच लॅपटॉप ठेवला.

"हे काय माझं खेळायचं वय हाय का?" म्हणत सिंधुबाई बसल्या आणि रमून गेल्या. अंगण झालं, चूल मांडली, दगडी भिंती चढल्या. मग त्यांचा हात थांबला.

"आई, छत टाक की. त्याबिगर पुढची लेव्हल उघडत न्हाई."

"नको उघडू दे."

"अगं, पण का?"

सिंधुबाईंनी पडद्यावरच्या भिंतीवरून बोट फिरवलं. "आत तुझा दादा निजलाय. भूकंपात माळवदच पडलं ना गं त्याच्यावर."

आपल्याआधी एक भाऊ होता, एवढंच सुकन्यानं मामीकडून ऐकलं होतं; आईच्या तोंडून कधीच नाही. प्रबंधासाठी काढलेले सगळे प्रश्न विसरून ती आईला खेटून बसली.

"नाव काय ठेवलं होतं गं त्याचं?"