समोरचा वारा

“एक्केचाळीस किलो.” तिचा पाय काट्यावर पडायच्या आधीच कारकून बोलला. “आणि तू आज जाणार नाहीस.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “का म्हणून?”

“समोरून ताशी सत्तर किलोमीटरचा वारा आहे. दोनशे ऐंशी किलोमीटरला एरवी तास लागतो, आज ऐंशी मिनिटं लागतील. वीस मिनिटांचं जादा इंधन म्हणजे चाळीस किलो. तेवढं वजन उतरवायला हवं.”

“आणि ते वजन म्हणजे मी?”

“सगळ्यांत शेवटी तिकीट तुझं निघालं.”

नऊ खुर्च्यांचं विमान, आठवड्याला दोन फेऱ्या. डोंगरापलीकडच्या वैमानिक शाळेत दुपारी एकला तिची मुलाखत होती. निवडलेल्या बारा जणांत ती एकटीच मुलगी. पुन्हा तारीख मिळणार नव्हती.

“आधी त्या कंत्राटदारांचं पोट उतरवा ना!”

रांगेतल्या कंत्राटदाराने पोट आत ओढलं आणि तो छताकडे बघायला लागला.

“आवाज खाली. हे ऑफिस आहे.”

“बॅग ठेवते. बूटसुद्धा काढते!”

“बुटांत चाळीस किलो आहेत?”

मागची नर्स पुढे झाली. “अहो, जाऊ द्या पोरीला. मी गुरुवारी जाईन.”

“नाही.” कारकुनाने मान वर केली नाही. “यादी झालीय.”

त्याने शिक्का असा हाणला की टेबलाखालचा डबाही खणखणला. चार पुडांचा डबा, एका माणसाला जरा मोठाच. वैमानिक आला, कागद न वाचताच सही करून हसला. “काका लिहितील तो वारा!” पंधरा वर्षं हे असंच चालत आलं होतं.

विमान उठलं, वळलं आणि डोंगराकडे निघून गेलं. आता ऑफिसात दोघंच उरले.

काचेला कपाळ टेकून ती रडणार होती. तेवढ्यात तिला धावपट्टीच्या कडेची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी दिसली. नळी ताठ फुगली होती आणि तिचं शेपूट डोंगराकडे होतं. विमान गेलं, अगदी तिकडेच.

ती गर्रकन वळली.

“वारा पाठीमागून आहे! दोनशे ऐंशीच्या वेगात तुमचे ते सत्तर वजा नाही, मिळवायचे! साडेतीनशे! अठ्ठेचाळीस मिनिटं! उलट इंधन कमी लागलं असतं!” तिने मूठ टेबलावर आपटली. “धडधडीत खोटं लिहिलंत तुम्ही!”

कारकुनाने शांतपणे पेनाला टोपण लावलं. खाली वाकून डबा काढला, पुडं सोडवली आणि दोन तिच्यापुढे सरकवली.

“बस, जेव. सकाळी तू उठायच्या आधीच मी दोघांचा भरला होता,” तो म्हणाला. “आणि घरी गेल्यावर आईला सांग, वारा समोरून होता.”