त्रिकोणी पंखांची भाऊबीज

"ताई, तू निरांजन लाव. वात विझायच्या आत तुझा भाऊ पाटावर हजर!" हेरंब लंडनहून म्हणाला. नव्या विमानाच्या त्रिकोणी पंखांची रचना त्याचीच. लंडन ते मुंबई, फक्त दोन तास.

श्रीवर्धनला शरयूताईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. घरात त्या एकट्याच. हे विमान समुद्रावर वेग घेताना असा धमाका करायचं, की त्यांच्या खिडक्यांच्या आठपैकी सात काचा फुटल्या होत्या. "तेवढं चालायचंच गं," हेरंब म्हणाला होता.

दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, मुंबईत कधीच उतरलो. पण पाच तास झाले, अजून पेणलाच आहे. पुढे रस्ता खोदलाय. आता मागे फिरतो, नाहीतर परतीचं विमान चुकेल."

"चुकू दे की! पूर्वी पंधरा दिवस राहायचास."

"पूर्वी रजा मिळायची. आता साहेब म्हणतो, बहीण दोन तासांवर तर आहे, एक दिवस पुरे."

"मग फोनवरच ओवाळते. हसू नकोस."

"नाही हसत."

त्यांनी फोन पाटावर उभा केला. कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं, तसा फोन कट झाला. परत लावला, तर लागेना. वात विझू नये म्हणून शरयूताई निरांजनात तूप घालत बसल्या.

संध्याकाळी विमान घरावरून गेलं. निरांजन विझलं आणि आठवी काच फुटली.