निरोपाचा सिनेमा

पडद्यावरचा कृष्णेचा घाट अंधारला आणि कुरुंदवाडकर टाळ्या वाजवत उभे राहिले. आपल्या गावावर निशिकांतनं गाणी बांधली होती, सिनेमा काढला होता. कायमचं परदेशी जाण्याआधी गावाचा निरोप घ्यावा, एवढंच मनात होतं. जायचं मात्र अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता आपली गायनशाळा निशिकांतच चालवणार!" व्यासपीठावर हार घालत नगराध्यक्ष म्हणाले. पोरंटोरं शिट्ट्या मारू लागली. निशिकांतनं मान वाकवून हार घालून घेतला.

खाली उतरल्यावर त्यानं आईला विचारलं, "हे कुणी ठरवलं?"

"मीच गळ घातली त्यांना. तू घरी गाणी बांधायचास, ती ऐकतानाच कळलं, तू निघालायस."

तिनं त्याचं मनगट धरलं होतं. म्हाताऱ्या हाताची पकड सैल होती. सोडवून घ्यायला जरासुद्धा जोर लागला नसता. त्याला ते जमलं नाही.