सातव्या खिडकीतली मांजर

इटलीतल्या त्या किल्ल्याची सातवी खिडकी खोटी होती. आत जिना आडवा येत होता, पण डावीकडे सात तर उजवीकडेही सात हव्यात हा बांधणाऱ्याचा हट्ट, म्हणून ती भिंतीवर नुसती रंगवली होती.

"चौकटीतली ही मांजर पाचशे वर्षांपूर्वीची," प्राध्यापक पर्यटकांना ठासून सांगत होते. "फाटका कान बघा! ही जात आता उरलेली नाही."

म्हाताऱ्या मालकीणबाई शेजारीच तिकिटं फाडत होत्या. दोन वर्षांपूर्वी पोपडे निघाले, तेव्हा ती मांजर त्यांनीच शिडीवर चढून रंगवली होती. पण तिच्यामुळेच तिकिटं खपत होती.

तेवढ्यात फाटक्या कानाची एक मांजर प्राध्यापकांच्या पायाला अंग घासू लागली. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा खिडकीकडे पाहिलं.

मालकीणबाईंनी तिला उचलून घेतलं. "पाचशे वर्षांची झाली, पण दुधाची वेळ चुकवत नाही."