विहिरीचा अर्ज

बहिणीचं, मेबलचं लग्न ठरलं, तेव्हा वाकोल्याच्या आमच्या गावठाणातली विहीर गाळाने भरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून त्याच विहिरीचं पाणी घरी आणायची आमची रीत. गाळ काढायला सरकारी मदत मिळावी म्हणून मी अर्ज लिहायला बसलो.

कचेरीत कारकून असलेला डेनिस म्हणाला, "इसिडोर, नुसत्या गाळाला कोण मदत देतो रे? डास लिही, मलेरिया लिही."

गावात कोणी आजारी नव्हतं. तरी लिहिलं.

महिन्याभरात साहेब ट्रक घेऊन आले आणि मलेरिया नको म्हणून विहीर दगडमातीने बुजवून गेले.


लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड त्या भरावापर्यंत वाजत गेला. आईच्या डोक्यावरची घागर मी घरूनच नळाखाली भरून दिली होती.